वेली गुलाबाला ऑक्टोबर छाटणी किती द्यायची?

रंकाळावारा
मंडळी, रंकाळ्याच्या बाजूला काळी जमीन, पूर्वेकडे तोंड असलेली कंपाउंडची भिंत, वीस फूट लांब, सहा फूट उंच. भिंतीला 'मार्शल नील' म्हणून एका नर्सरीतून आणलेला वेली गुलाब लावून तिसरं वर्ष. वाढ पंधरा फुटांच्या पुढं, फूल एकही नाही. दर ऑक्टोबरला बाकीच्या गुलाबांबरोबर गुडघ्याएवढा छाटतो. खत शेणखत आणि मूठभर युरिया. यंदा अजून खाली छाटावा का? की जागा बदलावी?

बावड्याचाऊस
युरिया बंद करा आधी. उसाला टाकायची सवय गुलाबाला लावली की कांडी मिळतात, फुलं नाहीत. :)

कात्रीदोरी
खाली छाटू नका, अजिबात छाटू नका. आपल्याकडं जून आणि ऑक्टोबर या दोन छाटण्या गुलाबाच्या म्हणून सरसकट सांगितल्या जातात. त्या झुडपी गुलाबाच्या, म्हणजे हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडाच्या. ती झाडं नव्या फुटव्याच्या शेंड्यावर फुलतात, त्यामुळं छाटणी त्यांना मानवते. वेली गुलाबाचं गणित उलटं. त्याच्या लांब फांदीवर बगलेतून आखूड फुटवे येतात आणि फुलं त्या फुटव्यांवर. लांब फांदीच काढून टाकली तर फूल लागायचं कुठं?

त्यातही दोन जाती ओळखाव्या लागतात.

पहिली, परत परत फुलणारी. मार्शल नील (१८६४), लामार्क (१८३०), रेव्ह दोर (१८६९) हे नॉइझेट गटातले वेली गुलाब. सेसिल ब्रुनरचा वेली प्रकार. झुडपी गुलाबांचे वेली अवतार. यांना ऑक्टोबरमध्ये हलका हात: मुख्य फांद्या चार ते सहा ठेवायच्या, त्यांच्यावरचे बगलफुटवे दोन-तीन डोळे (जिथून नवा फुटवा येतो ते कोंब) ठेवून छाटायचे. चार वर्षांपुढची एखादी करपट, राखाडी फांदी बुडातून काढायची. एका वर्षी एकच. छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फूल.

दुसरी, वर्षातून एकदाच फुलणारी, म्हणजे खरे रॅम्बलर. डोरोथी पर्किन्स (१९०१), अमेरिकन पिलर (१९०२), अल्बेरिक बार्बिए (१९००) वगैरे. ही गेल्या पावसाळ्यात आलेल्या फांदीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. छाटणी फुलं संपल्यावर, एप्रिल संपायच्या आत. फुलून गेलेली फांदी बुडातून काढा, पावसाळ्यात नवी दहा-बारा फुटांची येते. ऑक्टोबरमध्ये या झाडाजवळ कात्री न्यायचीच नाही, फक्त दोरी न्यायची.

गुलकंद
+१. बहुतेक घरांत माळी एकच, कात्री एकच आणि दिवसही एकच. सकाळी हायब्रिड टी झाले की त्याच झपाट्यात भिंतीवरचाही साफ.

नागाळापार्क
कात्रीदोरी, 'मार्शल नील' पाऊस सोसत नाही असं वाचलंय. कोल्हापूरला चालेल का?

कात्रीदोरी
झाडाला पाऊस चालतो, फुलाला नाही. पाकळ्या पातळ, कळी भिजली की उमलायच्या आधीच तपकिरी होऊन चिकटते. पण आपला त्याचा मुख्य बहर नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा पाऊस नसतो. जून ते सप्टेंबर फुलाची आशा सोडा, नुसत्या फांद्या वाढवून घ्या. वळवाच्या सरीत एखादा झुपका गेला तर गेला. याला उष्णता मानवते. युरोपात थंड भागात तो काचघरात वाढवत, आपल्याकडं उघड्यावर बरा.

त्याची मान मऊ, फूल खाली लोंबतं. फुलदाणीसाठी हा दोष. पण मांडव किंवा दरवाजाच्या कमानीवर, डोक्याच्या वर चढवला की तेच फूल तुमच्याकडं बघतं. सहा फुटी भिंतीवर तो अर्धा वाया जातो. सगळ्यात वरची तार भिंतीच्या वर दीड-दोन फूट उचलून घ्या, लोखंडी अँगल लावून.

खुंटकलम
धागाकर्त्यांना तीन प्रश्न. उत्तर आल्याशिवाय छाटणीचं बोलण्यात अर्थ नाही.
१. एका पानात पानुल्या किती? पाच की सात-नऊ?
२. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना पातळ पदर असतो. त्याची कड साधी आहे की झालरीसारखी कातरलेली?
३. बुंध्याला कलमाची गाठ दिसते का, आणि या लांब फांद्या गाठीच्या वरून निघाल्यात की खालून?

रंकाळावारा
उद्या उजेडात बघून सांगतो. तोवर भिंतीला तार कशी लावायची तेही सांगा. आत्ता खिळे आणि बाइंडिंग वायर आहे.

कात्रीदोरी
बाइंडिंग वायर आजच काढा. फांदी जाडावली की तार सालीत रुतते, वरचा भाग उपाशी मरतो आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

वीस फुटी भिंतीला:
तार १२ गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली. चार ओळी: दीड, तीन आणि साडेचार फुटांवर तीन, चौथी भिंतीवरच्या अँगलला. एकूण पंचवीस मीटर, वजन किलोभराच्या आसपास; सव्वा किलो आणा म्हणजे गाठींना पुरते. दर पाच फुटांवर आय हुक, रावळ प्लग टाकून. हुकाची मान लांब घ्या, तार भिंतीपासून तीन-चार इंच सुटी राहिली पाहिजे. हे अंतर चुकवू नका. भिंतीला चिकटलेल्या फांदीमागं वारा फिरत नाही, हिवाळ्यात भुरी आणि उन्हाळ्यात लाल कोळी तिथंच सुरू होतो. प्रत्येक ओळीच्या एका टोकाला टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू) लावा. फांद्यांच्या वजनानं तार ढिली पडते, ती वर्षातून एकदा आवळायची.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या. केळीचं सोपट भिजवून वापरलं तरी चालतं. हे सगळं एका पावसाळ्यात कुजतं आणि तेच बरं: दर वर्षी नवं बांधावं लागतं, म्हणून दर वर्षी फांदी बघितली जाते. गाठ मराठी चारच्या आकड्यासारखी. खालच्या फुगीर घरात फांदी, मध्ये दोरीचा तिढा, वरची दोन टोकं तारेला. फांदी आणि तार एकमेकांना घासत नाहीत.

नागाळापार्क
आणि आडवी करताना मोडते त्याचं काय? बुडातून कटकन जाते.

कात्रीदोरी
तीन कारणं. सकाळी पाणी घालून लगेच वाकवणं (पाणी भरलेली फांदी कडक असते, दुपारी चारनंतर नरम पडते). एका दिवसात पूर्ण आडवी करणं. आणि बुडाशी धरून वाकवणं.

बुडाचा पहिला फूटभर भाग सरळच राहू द्या. तिथून पुढं कमान करत जा. पहिल्या दिवशी जमिनीशी साठ अंश, आठवड्यानं तीस, तिसऱ्या आठवड्यात आडवी. नवी फांदी हिरवी आहे तोवर, म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे काम उरकायचं. शेंडा मात्र तारेखाली लोंबू देऊ नका. लोंबला की झाड कमानीच्या पाठीवरून नवा जोरदार दांडा उभा करतं आणि शेंडा वाळतो.

आडवी का, तर उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. वरचे दोन-तीन डोळेच फुटतात, म्हणून फुलं सगळी शेजाऱ्याच्या गच्चीकडं. आडवी केली की शेंड्याचा दाब कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो. दहा फूट फांदीवर चाळीसेक डोळे धरा. खताच्या चार पोत्यांनी होत नाही ते एका सुतळीनं होतं.

गुलकंद
जागा कमी असेल तर खांबाला गुंडाळा. तिरकी, पंचेचाळीस अंशात वेटोळे घालत. सरळ वर नेऊन शेवटी बांधली तर तीच गत, बुडाला काठ्या आणि वर झुपका.

बावड्याचाऊस
जमिनीचं कुणी बोललं नाही. पंचगंगाकाठची काळी माती पावसात आठ-आठ दिवस ओली राहते. वेली गुलाबाचं मूळ खोल जातं, तिथं पाणी साचलं की ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडायला लागतात आणि लोक त्याला अजून खत घालतात.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, भिंतीपासून दीड फूट दूर. भिंतीच्या बुडाशी पायाचा चुना-सिमेंट असतो आणि पागोळीचं पाणीही. काळी माती असेल तर खड्डा वरपर्यंत भरून त्यावर अजून फूटभर उंच वाफा करा. भरण्याचं प्रमाण: दोन घमेली तीच माती, दोन घमेली पन्हाळ्याकडची तांबडी, दोन घमेली कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू. एका खड्ड्याला अर्धा किलो निंबोळी पेंड, पाव किलो हाडांचा चुरा.

साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) स्वस्त मिळते म्हणून ताजी घालू नका. ती कुजताना तापते, मुळं भाजतात. सहा महिने ढीग लावून, दोनदा पालटून मग.

आणि शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. आपला ऊसपट्टा म्हणजे हुमणीचं, मुळं खाणाऱ्या अळीचं, माहेर. कच्च्या शेणात अळ्या आयत्या येतात. पहिल्या वळवानंतर भुंगेरे रात्री कडुलिंब-बाभळीवर बसतात, गुलाबाची पानंही कातरतात. टॉर्च घेऊन रात्री आठ-नऊला झाड हलवा, साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. अळी ऑगस्ट-सप्टेंबरात मुळं खाते. झाड दुपारी मान टाकतं आणि माती ओली असते, ही खूण. अशा वेळी पाणी वाढवू नका, बोटभर माती उकरून बघा. मेटारायझियम ही अळीला मारणारी बुरशी शेणखतात मुरवून जूनमध्ये दिली तर उपयोग होतो, अळी मोठी झाल्यावर नाही.

नागाळापार्क
मुळं उघडी करून ताण द्यायची पद्धत वेली गुलाबाला लागू आहे का? छाटणीआधी सहा-आठ इंच माती काढून आठ-दहा दिवस मुळं उन्हात ठेवतात ती.

कात्रीदोरी
झुडपी गुलाबाला आपल्याकडं जुनी पद्धत आहे, संत्र्याला बहार धरतात तसं. वेली गुलाबाला मी सांगणार नाही. झुडपी गुलाबाला मुळं आणि फांद्या दोन्ही कमी करतात म्हणून तोल राहतो. इथं पंधरा फुटी फांद्या तशाच ठेवायच्यात आणि मुळं तोडली तर शेंड्याकडून वाळत येतं. काळ्या मातीत तर ऑक्टोबरच्या उन्हात भेगा पडून उरलीसुरली मुळंही तुटतात. ताण द्यायचाच तर पाणी दहा-बारा दिवस तोडा. बस.

बावड्याचाऊस
यावर मतभेद. तांबड्या, निचऱ्याच्या मातीत तीन-चार इंच माती बाजूला करून चार-पाच दिवस ठेवायला हरकत नाही. मुळं मात्र तोडायची नाहीत. त्या निमित्तानं हुमणीही दिसते.

कात्रीदोरी
चार-पाच दिवस आणि तांबडी माती, मान्य. दोन्हींपैकी एक नसेल तर नाही.

सुगंधी_कट्टा
पाऊस संपता संपता वेलीची खालची पानं सगळी गळतात, काळे ठिपके पडून. औषध मारून थकायला झालं.

खुंटकलम
काळ्या ठिपक्याच्या बुरशीला पान सलग सात तास ओलं मिळालं की ती रुजते. कोल्हापूरच्या जुलैत पान सात दिवस ओलं असतं. म्हणजे औषधानं ते शून्यावर येणार नाही, आटोक्यात ठेवायचं. मॅन्कोझेब अडीच ग्रॅम आणि पुढच्या वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड तीन ग्रॅम एका लिटरला, उघडीप बघून, पानाच्या खालच्या बाजूनं. गळलेली पानं झाडाखाली राहू देऊ नका. बुडाचा दीड फूट पानं काढून मोकळा ठेवा आणि वर उसाच्या पाचटाचं दोन इंच आच्छादन घाला, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. मातीवरून उडणाऱ्या थेंबांबरोबर बुरशी वर चढते, पाचट तो थेंब अडवतं.

याहून घातक म्हणजे शेंडेमर. छाटलेल्या टोकापासून काळपट पट्टा खाली उतरत जातो. दिसला की काळ्याच्या खाली दोन इंच, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापा. कात्री प्रत्येक कापाआधी स्पिरिटनं पुसा. कापावर बोर्डो पेस्ट: मोरचूद शंभर ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात, कळीचा चुना शंभर ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. स्वच्छ खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी वापरा, उरलेली उद्या कामाची नाही.

भिंतीलगतच्या जुन्या फांद्यांवर तांबूस, डाळीच्या सालीसारखे ठिपके बसलेले दिसले तर ती खवले कीड. नुसत्या फवाऱ्यानं जात नाही, वर कवच असतं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडानं किंवा जुन्या टूथब्रशनं घासून काढायची, मग निंबोळी तेल.

सुगंधी_कट्टा
आभार. आणि नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या? बोअरचं पाणी आहे.

खुंटकलम
लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, चुनखडी आणि जड पाण्यामुळं मुळाला उचलता येत नाही. फेरस सल्फेट अडीच ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड एक ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. जमिनीतून द्यायचं तर लोहाचं 'ईडीडीएचए' चिलेटच घ्या, झाडाला पाच ग्रॅम. 'ईडीटीए' स्वस्त आहे पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ते वेगळं, तिथं हा उपाय करू नका.

गुलकंद
एक अवांतर: झुडपी गुलाबाचा 'क्लाइंबिंग' प्रकार म्हणून जे मिळतं, ते का कमी फुलतं याचं कारण मजेशीर आहे. मूळ गुलाबात फुलणं रोखून धरणारा एक जनुक असतो, केएसएन. चिनी गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला आणि तो निकामी झाला, म्हणून ते बारमाही फुलतात. काही वेळा एखाद्या फांदीत तो तुकडा बहुतांश निघून जातो. रोखणं थोडं परत येतं, फांदी लांबत जाते, फुलं कमी. ती फांदी कलमानं वाढवली की झाला वेली गुलाब. म्हणजे वेल होणं आणि कमी फुलणं एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

न्यू डॉन उलट्या बाजूचा. १९१० चा डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट वर्षातून एकदा फुलायचा, त्याच्यातून १९३० ला हा परत फुलणारा निघाला, आणि अमेरिकेतलं वनस्पतीचं पेटंट क्रमांक एक त्याच्याच नावावर आहे.

नागाळापार्क
भारी! मग पिवळा बिनकाटेरी लेडी बँक्स लावू का? फोटो बघून वेड लागलंय.

कात्रीदोरी
फोटो थंड हिवाळ्याच्या गावचे असतात. तो दोन-तीन वर्षं जुन्या लाकडावरच्या फुटव्यांवर फुलतो आणि त्याआधी थंडी मागतो. कोल्हापूरच्या डिसेंबरात किमान तापमान चौदा-पंधराच्या घरात, त्यात तो हिरवागार मांडव करील, फुलाचा भरवसा धरू नका. गरम हवेसाठी भारतात वेगळं काम झालंय. कोडाईकनालचे वीरराघवन दांपत्य मणिपूरच्या रोझा जायगँटिया आणि बंगालकडच्या, पुरात बुडूनही जगणाऱ्या रोझा क्लायनोफायला या देशी जातींपासून संकर करत आले आहेत. तसलं काही हाती लागलं तर लेडी बँक्सपेक्षा ते लावा.

रंकाळावारा
बघितलं. पानुल्या सात, कुठं नऊ. देठाच्या पदराला झालर आहे. फांद्यांना काटे जवळपास नाहीतच. बुंध्याला मुठीएवढी गाठ आहे, तीन जाड फांद्या गाठीच्या खालून, मातीलगत. गाठीच्या वरून पेन्सिलीएवढी एकच फांदी, तिची पानं पाच पानुल्यांची, काटे आहेत. ती सगळ्यांच्या मागं दबलेली.

खुंटकलम
उलगडलं. तुम्ही तीन वर्षं खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, सांभाळलात. तो मल्टिफ्लोरा जातीचा गुलाब, बिनकाटेरी, कलमाला सर्रास वापरतात. मार्शल नील ती मागची पेन्सिल.

नुसत्या पानुल्या मोजून निकाल देऊ नये. डोरोथी पर्किन्ससारख्या रॅम्बलरलाही सात-नऊ पानुल्या असतात, आणि ज्यांच्यात मल्टिफ्लोराचं रक्त आहे त्यांच्या पदराला झालरही असते. फांदी गाठीखालून निघते, ही एकच खात्रीची खूण. आणि खुंटालाही फुलं का नाहीत, तर तो एकदाच, गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलणारा. दर ऑक्टोबरला तुम्ही तेच लाकूड काढत होता. नसतं काढलं तर फेब्रुवारीत पांढरे, साधे झुपके दिसले असते आणि पहिल्याच वर्षी कळलं असतं.

रंकाळावारा
हात टेकले. :( तीनही मातीलगत कापून टाकू?

खुंटकलम
कापू नका. कापलेल्या बुडख्यातून चार येतात. माती बाजूला करून फुटवा जिथं चिकटलाय तिथंपर्यंत जा आणि खाली ओढून सालीसकट उपटा, म्हणजे बुडाचे झोपलेले डोळेही जातात. तीन एकदम नाही: आज एक, तीन आठवड्यांनी दुसरा. मुळांना अन्न पुरवणारी सगळी पानं त्यांच्यावरच आहेत, एका दिवसात काढली तर मुळं मागं जातील आणि पेन्सिलही. तिसऱ्याचा शेंडा खुडून फेब्रुवारीपर्यंत ठेवा.

उपटलेले टाकू नका. त्यांचे पेन्सिलीच्या जाडीचे, आठ-नऊ इंचांचे, पाच डोळ्यांचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा तिरका. वरचे दोन सोडून बाकीचे डोळे चाकूनं खरवडून काढा, नाहीतर हाच गोंधळ पुन्हा. ओल्या वाळूत दोन-तृतीयांश पुरा, सावलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत मुळं येतात. मल्टिफ्लोराला मुळं फुटायची पावडर नसली तरी चालतं.

फेब्रुवारीत साल सुटायला लागली की मार्शल नीलचे डोळे भरा. डोळा घ्यायचा तो फूल उमलून गेलेल्या फुटव्याचा, मधल्या पेरांवरचा. शेंड्याचा कच्चा असतो, बुडाचा झोपलेला. फूल नसेलच आलं तर तितक्याच जून झालेल्या फांदीचा, फुगीर पण न फुटलेला. खुंटावर जमिनीपासून दोन इंच वर टी आकाराची चीर, डोळा सरकवा, पट्टी गुंडाळा, डोळा उघडा ठेवून. तीन आठवड्यांनी हिरवा असेल तर जगला. पेन्सिलीच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा दिसत असतील तर मात्र तिचा डोळा घेऊ नका, तो विषाणू कलमातून पुढं जातो.

कात्रीदोरी
आणि ती पेन्सिल आत्ताच उजेडात आणून सैल बांधून ठेवा. आडवी करू नका यंदा. ऑक्टोबरला तिला कात्री नाही.

रंकाळावारा
खुंटाचे किती तुकडे लावू?

खुंटकलम
दहा लावा. सातांना मुळं येतील, डोळे चारांवर धरतील. दोन भिंतीला पुरे, दहा फुटांच्या अंतरानं.